बिबळ्याच्या पिलाचें शिक्षण

मीरा-भाईंदरच्या पूर्वेस जी डोंगरांची रांग दिसते, ती संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची होय. सुमारें १०४ चौरस किलोमीटरांच्या ह्या अरण्यांत मोकळा हिंडणारा मार्जारकुलांतील सर्वांत मोठा प्राणी म्हणजे बिबळ्या. काशीमिरा, चेणे, घोडबंदर येथील रहिवाशांस त्याचा शेजार नवा नाहीं. परंतु हा बलाढ्य शिकारी जन्मतः किती दुबळा असतो, हें थोड्यांसच ठाऊक असेल.

मादी सुमारें तीन महिने गर्भ वागवून खडकाच्या कपारींत अथवा दाट जाळींत बहुधा दोन-तीन पिलांस जन्म देते. त्या वेळीं पिलाचें वजन अर्ध्या किलोच्या आसपास असतें. डोळे मिटलेले असतात व करड्या लवेंत ठिपके नीट उमटलेले नसतात. आठ-दहा दिवसांत डोळे उघडतात. ते प्रथम निळसर दिसतात. शिकारीकरितां मातेस पिलें एकटीं ठेवून जावें लागतें. म्हणून ती त्यांस मानेशीं हलकेच दांतांत धरून वारंवार जागा पालटते.

दीड-दोन महिन्यांचीं झालीं म्हणजे पिलें मातेमागून चालूं लागतात व मांसाची चव घेतात. तिसऱ्या महिन्याच्या सुमारास दूध सुटूं लागतें. येथून खरी शाळा सुरू होते. भावंडावर झेप घेणें, आईच्या हलत्या शेपटीवर दबा धरणें, हा वरवर खेळ; पण त्यांतच शिकारीचा सराव होतो. प्रथम बेडूक, उंदीर, पांखरें व मग मोठें सावज, असा अभ्यासाचा क्रम असतो. दीड-दोन वर्षांनीं पिलूं स्वतंत्र होतें. तरुण नरास तर स्वतःचा मुलूख शोधण्यास दूर जावें लागतें, व अशा वेळीं तो कधीं वस्तीच्या कडेनें वावरतो.

हें शिक्षण मध्येंच तुटलें तर काय होतें? जुन्नर तालुक्यांत बिबळ्याच्या माद्या उसाच्या शेतांत वितात. तोडणीच्या वेळीं एकटीं पिलें सांपडतात. लोकांस तीं पोरकीं वाटतात. वस्तुतः माता जवळपासच असते. वनखात्याचे लोक पिलें पेटींत घालून त्याच जागीं ठेवितात, आणि पुष्कळदां ती रात्रीं येऊन त्यांस घेऊन जाते. जें पिलूं मातेस परत मिळत नाहीं, त्यास शिकार कोण शिकविणार? पोटापाण्याची सोय माणूस करील; परंतु अशा पिलास बहुधा जन्मभर पिंजऱ्यांत रहावें लागतें. जुन्नरजवळील माणिकडोह येथें रानांत परत सोडतां न येणाऱ्या बिबळ्यांकरितां निवारा-केंद्रच आहे.

तेव्हां विद्यार्थीमित्रांनो, डोंगराच्या पायथ्याशीं असें पिलूं दृष्टीस पडल्यास दयेपोटीं तें उचलूं नका. मातेच्या क्रोधाचें भय तर आहेच. निमूटपणें मागें फिरावें, वडील माणसांकरवीं वनखात्यास कळवावें आणि इतरांस तेथें गर्दी करूं देऊं नये. पिलास आपण देऊं शकूं अशी मोठी भेट एकच, ती म्हणजे त्याची आई त्याच्यापाशीं राहूं देणें.