फायबर आणि सिम एकत्र चालेल का?

प्रश्न : सावंतवाडीत घरून काम करतो. फायबर आणि फोर-जी सिम जोडून वेग दुप्पट होईल का?

उत्तर : नाही. ‘ड्युअल वॅन’ राउटर घरातला वापर दोन्हींवर वाटून देतो; पण एखादा व्हिडिओ कॉल एकाच वाटेने जातो. खऱ्या बेरजेला पलीकडे वेगळा सर्व्हर लागतो, घरासाठी तो खर्च कशाला? शिवाय अशा वाटणीत मध्येच आयपी पत्ता बदलला की बँकेची साइट बाहेर काढू शकते. त्यापेक्षा ‘फेलओव्हर’ लावा : फायबर बंद पडलं की राउटर आपोआप सिमवर जातो. दुसरं फायबर मात्र नको. दोन्ही केबली बहुधा त्याच खांबावरून येतात, आणि पावसात माड कोसळला तर दोन्ही एकदम जातात. आणि वीज गेली तरी नेट चालावं म्हणून राउटर व फायबरचा डबा इन्व्हर्टरवर घ्यायला विसरू नका.