साक्षीदार, योद्धा, गवई

दक्षिण फ्रान्समधल्या वाकेरास गावचा राइम्बाउत हा गरीब सरदाराचा मुलगा. बाराव्या शतकाच्या अखेरीस तो इटलीतल्या मोंफेरातोचा मार्क्विस बोनिफाचो याच्या पदरी कवी म्हणून राहिला आणि पुढे योद्धाही झाला. ऑक्सितान भाषेतल्या त्याच्या तीसेक रचना आज उपलब्ध आहेत. फ्रेंचच्या अभ्यासातून मी त्यांच्याकडे वळले आणि त्यांच्यातच रमले. त्या वाचनातून हाती आलेल्या गोष्टी नव्या वाचकासाठी लिहिते आहे.

१. चरित्रकथा शेवटी वाचाव्यात. त्रुबादूरांच्या, म्हणजे राइम्बाउतसारख्या ऑक्सितान कवींच्या, हस्तलिखितांत कवितांसोबत छोट्या गद्यकथा असतात. त्या बहुतेक तेराव्या शतकात, म्हणजे राइम्बाउतच्या पश्चात लिहिल्या गेल्या. त्यांतली एक सांगते की, मार्क्विसच्या घरची बेआत्रिचे एकांतात तलवार कमरेला बांधून खेळताना त्याला दिसली आणि तेव्हापासून तो तिला ‘सुंदर योद्धा’ म्हणू लागला. कथा गोड आहे. पण ती एकदा मनात बसली की प्रत्येक ओळीत बेआत्रिचेच दिसते आणि कवीची कारागिरी नजरेतून सुटते.

२. वाचण्याआधी ऐकावे. ‘कालेंदा माया’ हे त्याचे मे महिन्याचे गीत कागदावर फिके वाटते. तुटक ओळी, एकावर एक आदळणारी यमके. चाल मात्र सुदैवाने टिकली आहे. दरबारात आलेल्या फ्रेंच वादकांच्या नाचाच्या सुरावटीवर त्याने शब्द बसवले, असे परंपरा सांगते. ही चाल ऐकली की यमके तशी का आहेत, ते पाय ठेका धरू लागताच कळते.

३. जिनोआच्या बाईपासून सुरुवात करावी. नवा वाचक विचारायला आला की मी एका पुरुषाच्या आणि या बाईच्या संवादाची कविताच हाती देते. पुरुष दरबारी ऑक्सितानमध्ये प्रेमयाचना करतो, स्तुतीचे ठरलेले अलंकार उधळतो. बाई जिनोआच्या रोजच्या बोलीत त्याला झाडते. माझा नवरा तुझ्याहून देखणा आहे, तुझी भाषा मला जर्मन किंवा बर्बर माणसाच्या बोलण्याइतकीच कळते, चालता हो, असा तिचा सूर. शेवटचा शब्दही तिचाच. ज्या भाषेवर पोट चालते तिचा डौल कवीने एका परक्या बाईच्या तोंडून उतरवून घेतला आहे. दरबारी प्रेमकवितेत स्त्री बहुधा मूक असते. इथे ती बोलते, आणि नेमके बोलते. माझ्या मते त्याची ही सर्वांत धाडसी रचना आहे.

४. भाषांची भीती बाळगू नये. त्याच्या एका कवितेत पाच कडवी पाच भाषांत आहेत: ऑक्सितान, इटालियन, फ्रेंच, गॅस्कन आणि गॅलिशियन-पोर्तुगीज. शेवटच्या दहा ओळींत प्रत्येक भाषेला दोन ओळी मिळतात. प्रेयसीचे मन बदलले, म्हणून आपणही शब्द, सूर आणि भाषा यांचा मेळ मोडतो, असे तो सांगतो. ही कविता मोठ्याने वाचावी. अर्थ निसटला तरी नाद बदलल्याचे कान टिपतो.

५. मागणे हेही काव्य मानावे. बोनिफाचोला लिहिलेल्या दीर्घ पद्यपत्रात तो जुन्या आठवणी काढतो. मेस्सीनाच्या लढाईत आपली ढाल मार्क्विसवर धरल्याचे, त्यानेच आपल्याला योद्धा केल्याचे स्मरण देतो आणि मग उघडपणे बक्षीस मागतो. माझ्यात तुम्हाला साक्षीदार, योद्धा आणि गवई तिघेही भेटतील, असे त्याचे म्हणणे. काही वाचकांना ही लाचारी वाटते. मला नाही वाटत. एवढ्या हक्काने मागायला आयुष्य सोबत काढलेले असावे लागते.

६. साक्षीदाराला विसरू नये. चौथ्या धर्मयुद्धाचे नेतृत्व बोनिफाचोकडे होते. 1204 साली या धर्मयुद्धाच्या फौजेने कॉन्स्टँटिनोपल हे ख्रिस्ती शहरच लुटले. त्याच वर्षी तिथल्या नव्या सम्राटाला उपदेश करणारी कविता राइम्बाउतने रचली. तीत जळालेल्या चर्चचे आणि महालांचे पाप तो सम्राटावर टाकतो आणि स्वतःवरही घेतो. विजेत्यांच्या छावणीत बसून, धन्याच्या जयजयकाराच्या दिवसांत, ‘आपण सगळेच पापी’ असे म्हणणे सोपे नव्हते. प्रेमगीते बाजूला ठेवून ही कविता वाचाच, असा माझा आग्रह आहे.

बोनिफाचोला थेस्सालोनिकीचे राज्य मिळाले. तिथून राइम्बाउतने लिहिले की, सत्ता आणि संपत्ती असूनही मन लागत नाही. सप्टेंबर 1207 मध्ये बल्गेरियन फौजेशी झालेल्या चकमकीत बोनिफाचो मारला गेला. त्यानंतरची राइम्बाउतची एकही रचना सापडत नाही.