झाडीपट्टीतील पावसाळी ज्वर आणि स्क्रब टायफस : न दिसणाऱ्या दंशाचा शोध

श्रावण सरून भाद्रपद लागला की सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी, मूल आणि वैनगंगेपलीकडील आरमोरी-वडसा या धानपट्ट्यातील वैद्यांच्या दवाखान्यांत ज्वराच्या रुग्णांची रीघ लागते. रोवणी आटोपलेली असते, बांध्यांच्या धुऱ्यांवर गवत माजलेले असते, निंदणी आणि गवतकापणी चालू असते. अशा रुग्णास पाहताच आपल्या मनात हिवताप, विषमज्वर आणि अलीकडे डेंग्यू ही तीन नावे प्रथम येतात. गडचिरोली जिल्ह्यातील हिवतापाचा इतिहास पाहता हा क्रम चुकीचाही नाही. तथापि या तिघांच्या पंक्तीत बसणारे चौथे नाव, स्क्रब टायफस, आपल्यापैकी अनेकांच्या ध्यानात वेळेवर येत नाही. त्याविषयी वैद्यबंधु-भगिनींशी व औषधविक्रेत्यांशी चर्चा करावी, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम आमचीच एक चूक नमूद करतो. काही वर्षांपूर्वी भाद्रपदात चाळिशीतील एक शेतमजूर स्त्री सहा दिवसांच्या ज्वराने आमच्याकडे आली. शिर:शूल असह्य, अंगमर्द तीव्र, नेत्र आरक्त. हिवतापाची तपासणी नकारात्मक होती. विडाल चाचणी अंधुक सकारात्मक आली आणि आम्ही तिच्यावर विसंबलो. गुडूची, महासुदर्शन, त्रिभुवनकीर्ती यांची योजना केली. गावातून तिने आधीच सेफिक्झिमच्या गोळ्या घेतल्या होत्या, त्या चालू ठेवण्यास सांगितले. आठव्या दिवशी तिला श्वास लागला आणि तिला रुग्णालयात हलवावे लागले. तेथे कपडे बदलताना परिचारिकेला तिच्या डाव्या स्तनाखालच्या घडीत एक काळी खपली दिसली. निदान तेथेच झाले. रुग्णा वाचली. परंतु आम्ही तिची नाडी, जिव्हा, उदर सर्व पाहिले होते, ती खपली मात्र पाहिली नव्हती.

हा रोग ओरिएन्शिया त्सुत्सुगामुशी नामक जिवाणूमुळे होतो. गोचिडीच्याच दूरच्या कुळातील, परंतु तिच्याहून कितीतरी सूक्ष्म अशा माइट या कीटकाच्या अळीपासून तो मनुष्यास होतो. या अळीस चिगर म्हणतात. ती मिलिमीटरच्या पंचमांशाएवढी असते, म्हणजे डोळ्यांना जवळजवळ दिसतच नाही. पुढील अवस्थांतील माइट मातीत राहतो आणि प्राण्यांना चावत नाही. केवळ अळीच उंदीर, घूस अथवा मनुष्य यांच्या त्वचेस चिकटून ऊतकरस शोषते. दंश वेदनारहित असतो. म्हणून ‘काही चावले होते का?’ या प्रश्नास रुग्ण प्रामाणिकपणे ‘नाही’ असेच उत्तर देतो. या प्रश्नाऐवजी ‘गेल्या पंधरा-वीस दिवसांत गवत कापले का, सरपणाला गेला होता का, धुऱ्यावर बसून जेवला का?’ असे विचारावे. दंशानंतर साधारण ६ ते २१ दिवसांनी ज्वर येतो.

उंदरास या रोगाचे मूळ समजणे अर्धसत्य आहे. जिवाणू मादी माइटकडून अंड्यांमार्फत पुढील पिढीत उतरतो, म्हणून खरा साठा माइटमध्येच असतो. उंदीर त्या माइटना पोसतो. केवळ उंदीर मारले आणि झुडपे तशीच राहिली, तर उपाशी अळ्या मनुष्याकडे वळण्याचा संभव असतो.

हा रोग आपल्याकडे नवा आहे असेही नाही. दुसऱ्या महायुद्धात आसाम-ब्रह्मदेशाच्या आघाडीवर सैनिकांमध्ये त्याने हाहाकार माजविला होता. २०१८ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये नागपूर व विदर्भात त्याचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले, मृत्यूही झाले. गोरखपूर भागात वर्षानुवर्षे मुलांचे बळी घेणाऱ्या मेंदूज्वराच्या अनेक रुग्णांत हाच जिवाणू असल्याचे मागील दशकातील अभ्यासांत दिसून आले.

आपल्या संहितांत याचे वर्णन शोधण्याचा मोह होतो. सुश्रुताच्या कल्पस्थानात मूषिककल्प व कीटकल्प असे स्वतंत्र अध्याय आहेत. मूषिकविषाने ग्रंथी, शोथ व ज्वर उत्पन्न होतो, हे तेथे सांगितले आहे. चरकाने आगंतु ज्वराचा वेगळा विचार केला आहे. तरीही स्क्रब टायफस म्हणजे अमुक मूषिकविष, असे समीकरण मांडणे आम्हास धाडसाचे वाटते. संहितांतून घ्यावयाची ती दृष्टी : ज्वराचे कारण बाहेरून, प्राण्याच्या वा कीटकाच्या संपर्कातून येऊ शकते आणि दंशस्थान पाहिल्याशिवाय परीक्षण पूर्ण होत नाही.

दंशस्थानी प्रथम पुटिका, नंतर मध्ये काळी खपली व भोवती लाल कडे, सिगारेटचा चटका बसल्यासारखे, असे चिन्ह उमटते. यास एस्कार म्हणतात. ते दुखत नाही, खाजतही नाही. काख, जांघ, स्तनाखालील घडी, कमरेवर लुगड्याची वा करदोट्याची जागा, कानामागे, गुह्यभाग येथे ते आढळते. स्त्री-रुग्णांच्या बाबतीत स्त्री-वैद्य किंवा परिचारिकेची मदत घ्यावी. संकोचापायी परीक्षण टाळू नये. जवळच्या लसिकाग्रंथी सुजलेल्या असतात. अंगावरील पुरळ सावळ्या त्वचेवर सहसा नजरेत भरत नाही. पुष्कळ रुग्णांत एस्कार नसतोच, म्हणून तो नाही एवढ्यावरून रोग नाही असे ठरवू नये. पहिल्या आठवड्यात आयजीएम एलायझा चाचणीही नकारात्मक येऊ शकते. वेइल-फेलिक्स चाचणी स्वस्त असली तरी बरेच रुग्ण तिच्यातून निसटतात.

पाच वा अधिक दिवसांचा ज्वर असेल व अन्य कारण स्पष्ट नसेल तर संशय धरून, अहवालाची वाट न पाहता उपचार सुरू करावेत, असा भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांचा आशय आहे. प्रौढांस डॉक्सिसायक्लिन १०० मि.ग्रॅ. दिवसातून दोनदा, किमान सात दिवस, गर्भिणीस ॲझिथ्रोमायसिन. ज्यांना असे औषध लिहिण्याचा कायदेशीर अधिकार आहे त्यांनी ते लिहावे, इतरांनी रुग्णास त्याच दिवशी ग्रामीण रुग्णालयात पाठवावे. ज्वर बहुधा ४८ तासांत उतरतो. न उतरल्यास निदानाचा पुनर्विचार करावा. श्वास, कावीळ, मूत्राल्पता, भ्रम यांपैकी काहीही दिसल्यास एक दिवसही थांबू नये. अशा गंभीर रुग्णांत दोन्ही औषधे शिरेतून एकत्र देणे एकट्या औषधापेक्षा हितावह ठरते, असे भारतातच झालेल्या व २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले. अर्थात ते रुग्णालयाचे काम.

येथे आपल्या व्यवसायाशी थेट निगडित असा एक मुद्दा आहे. डॉक्सिसायक्लिन लोह व चुना यांच्याशी बद्ध होते आणि मग त्याचे शोषण घटते. आपण ज्वरानंतरच्या पांडुतेसाठी मंडूर, लोहभस्म देतो. पित्तासाठी शंखभस्म, प्रवाळ, कामदुधा देतो. हे कल्प त्याच वेळी पोटात गेले तर रुग्ण गोळी घेत असूनही त्यास गुण येत नाही आणि दोष भलत्याचाच ठरतो. लोहकल्प ते सात दिवस बंदच ठेवावेत, इतरांत किमान दोन-तीन तासांचे अंतर ठेवावे. दुधासोबत गोळी देऊ नये. भरपूर पाण्याबरोबर, बसून घ्यावी व लगेच आडवे होऊ नये. गुडूची वा सुदर्शन सहायक म्हणून देण्यास आमची हरकत नाही, मात्र त्यांच्या भरवशावर दिवस दवडू नयेत.

औषधविक्रेते बंधूंकडे असा रुग्ण आपल्याही आधी येतो. दोन दिवसांच्या गोळ्या मागणाऱ्यास ‘ताप कितवा दिवस?’ एवढे विचारावे. अमोक्सिसिलिन वा सेफिक्झिम या जिवाणूवर निष्प्रभ आहेत. त्या देण्याने केवळ मोलाचे दिवस जातात. डॉक्सिसायक्लिनही चिठ्ठीशिवाय देऊ नये, ते अनुसूची ‘एच’मधील औषध आहे. पाचव्या दिवसाचा रुग्ण असेल तर गोळी न देता त्यास दवाखान्याची वाट दाखवावी.

हा रोग माणसापासून माणसास होत नाही, म्हणून घरच्यांनी रुग्णापासून दूर राहण्याचे कारण नाही. त्यावर उपलब्ध अशी लसही नाही. शेतातून परतल्यावर साबणाने स्नान, कपडे गरम पाण्यात धुणे, गवतावर थेट न बसणे, घराभोवतीचे गवत काढणे एवढे मात्र करता येते. हलक्या धानाची कापणी सुरू होते तेव्हाही हे रुग्ण येत राहतात. पाऊस थांबला म्हणून काखा-जांघा तपासण्याचे थांबवू नये.