जादूचा कॅट कसा पारखावा?

प्रश्न : माझी बारा वर्षांची मुलगी पत्त्यांची जादू शिकते आहे. तिच्यासाठी जादूचा कॅट घेताना काय पाहावे? – एक वाचक, लोणंद

उत्तर : सगळ्यात आधी कापणी पाहा. स्वेंगाली कॅटमध्ये २६ पत्ते एकसारखे आणि किंचित आखूड असतात, उरलेले २६ वेगवेगळे. आखूड टोकाकडून अंगठ्याने पत्ते सरसर सोडले की वेगवेगळेच दिसले पाहिजेत. मधेच आखूड पत्ता डोकावला, तर तो कॅट घेऊ नका.

निमुळत्या कॅटमध्ये एक पत्ता उलटा फिरवून घाला आणि पिसा. तो बोटांना लागावा, डोळ्यांना मात्र दिसू नये. पहिल्या खरेदीला मी हाच सुचवीन, कारण यातले ५२ही पत्ते खुशाल उघडून दाखवता येतात.

पाठीची नक्षी आणि रंगछटाही तपासा. बायसिकल छापाचा जादूचा कॅट घेतलात, तर त्याच छापाचा साधा कॅटही घ्या. प्रेक्षकांच्या हाती तोच द्यायचा. पोकर मापाचा पत्ता सुमारे ६३ मिलिमीटर रुंद असतो, ब्रिज मापाचा ५७. लहान हातांना दुसरा सोपा जातो. पावसाळ्यात कागदी पत्ते वाकतात, म्हणून खेळ संपला की कॅट लगेच डबीत ठेवायला सांगा.