भिंतीवर लिहिलेली अस्मिता
वारली चित्रकला आणि तरुण पिढी

पालघर जिल्ह्यातील डहाणू, तलासरी, जव्हार, विक्रमगड या तालुक्यांत वारली समाजाची मोठी वस्ती आहे. लग्नप्रसंगी घराच्या सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने जो चौक रेखाटला जातो, तो 'काढला' असे वारली माणूस म्हणत नाही. चौक 'लिहिला' असे म्हणतो. या एका शब्दात वारली चित्रकलेचे मर्म साठविलेले आहे. चित्र ही येथे केवळ शोभेची वस्तू नसून समाजाने स्वतःविषयी केलेले निवेदन होय. आजची तरुण पिढी या भिंतीवर काय लिहीत आहे आणि लिहिताना तिच्यापुढे कोणते प्रश्न उभे आहेत, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

परंपरेचे स्वरूप

चौक लिहिण्याचा मान मूळचा सवाशिणींचा. चौकाच्या मध्यभागी पालघट ही सृजनाची देवी असते. लग्नाचा विधी गीतांच्या साथीने चालविणारी धवलेरी हीदेखील स्त्रीच. साधने अगदी साधी : गेरूने किंवा शेणाने सारवलेली भिंत, पिठाचा पांढरा रंग आणि टोक ठेचून कुंचल्यासारखी केलेली बांबूची काडी. आकारही मोजकेच. वर्तुळ, त्रिकोण, चौकोन आणि रेषा एवढ्या सामग्रीवर सारे विश्व उभे राहते. दोन त्रिकोणांची टोके जुळली की माणसाची कंबर तयार होते. त्या त्रिकोणांचा कल बदलला की तोच माणूस नाचू लागतो, नांगर धरतो किंवा ओझे वाहतो. पेरणी, शिकार, तारप्याभोवतीचा नाच हे सारे एकाच चित्रात एकाच वेळी घडताना दिसते.

भिंतीवरून कागदावर

1970 नंतरच्या वर्षांत कलावंत भास्कर कुलकर्णी या भागात आले. त्यांच्या प्रयत्नांमुळे ही कला कागदावर उतरली व बाहेरच्या जगापुढे आली. डहाणू तालुक्यातील गंजाड येथील जिव्या सोमा मशे (1934–2018) यांनी विधीची चौकट ओलांडून नित्य चित्र लिहिण्यास प्रारंभ केला. त्यांना 1976 साली राष्ट्रीय पुरस्कार व 2011 साली पद्मश्री किताब लाभला. स्त्रियांच्या हाती असलेली कला पुरुषांनी व्यवसाय म्हणून स्वीकारण्याची वाट येथून रुंद झाली. मात्र या वाटेवर धवलेरींचे स्थान हळूहळू मागे पडले, हेही प्रांजळपणे नमूद केले पाहिजे.

नव्या पिढीचे लेखन

आजच्या तरुण चित्रकाराच्या चित्रात भाताचे खाचर आहे, तशीच आगगाडीही आहे. देवराई आहे, तशा शहराच्या उंच इमारतीही आहेत. यावर कोणी 'परंपरा भ्रष्ट झाली' अशी खंत व्यक्त करतात. ती अनाठायी होय. रोजगारासाठी घराबाहेर पडणाऱ्या आणि शाळा-महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलाने केवळ आजोबांचे जीवन लिहावे, ही अपेक्षाच अन्यायाची आहे.

गंजाडचे राजेश वांगड यांचे उदाहरण या दृष्टीने उद्‌बोधक आहे. छायाचित्रकार गौरी गिल यांच्यासमवेत त्यांनी 2013 पासून एक चित्रमालिका सिद्ध केली. गावच्या परिसराच्या छायाचित्रांवर वांगड यांनी त्या जागेच्या दंतकथा व आठवणी लिहिल्या. कॅमेऱ्याला दिसले ते ओसाड माळरान. वारली माणसाला तेथे काय दिसते, हे रेषांनी सांगितले. गंजाडचेच मयूर व तुषार वायेडा हे तरुण बंधू आपल्या समाजातील कथा नव्या रचनेत मांडीत असून 2021 साली ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथील आशिया-पॅसिफिक कलाप्रदर्शनात त्यांच्या चित्रांचा समावेश झाला.

चित्र कोणाचे?

तथापि या कौतुकाला दुसरी बाजू आहे. साड्या, चादरी, कपबश्या, हॉटेले आणि सरकारी इमारती यांवर तारपानृत्याचे वर्तुळ सर्रास दिसते. ते कोणी लिहिले, त्याचे नाव मात्र क्वचितच आढळते. प्रसिद्धीच्या कामात आयुष्य घालविलेल्या माझ्यासारख्यांनीही पुस्तिकांच्या मुखपृष्ठांवर अशी चित्रे निनावी छापली आहेत, ही कबुली येथे द्यावयास हवी.

2014 साली वारली चित्रकलेस भौगोलिक मानांकन मिळाले. या संरक्षणाचा अर्थ नीट समजून घेणे अगत्याचे आहे. मानांकनामुळे 'वारली' या नावाच्या गैरवापरास आळा घालता येतो आणि अस्सल कलावंतास अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करता येते. परंतु त्रिकोण-वर्तुळांच्या आकारांवर त्यामुळे कोणाची मालकी प्रस्थापित होत नाही. एखाद्या कलावंताच्या स्वतंत्र चित्रास संरक्षण मिळते ते 1957 च्या कॉपीराइट कायद्यान्वये. त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. चित्र निर्माण होताच हक्क उत्पन्न होतो व सर्वसाधारणपणे तो कलावंताच्या हयातीत आणि त्यानंतर 60 वर्षे टिकतो. म्हणून प्रत्येक तरुण चित्रकाराने चित्रावर नाव, गाव व वर्ष घालावे, त्याचे छायाचित्र जपून ठेवावे आणि विक्रीच्या वेळी छपाईचे हक्क दिले किंवा नाहीत, हे लेखी ठरवून घ्यावे.

शाळांनी व ग्रामपंचायतींनी काय करावे?

भिंत रंगविण्याचे काम हाती घेताना मुलांना तयार नमुना देऊ नये. आधी गावातील वृद्ध स्त्रियांना शाळेत बोलवावे, त्यांच्याकडून चौकाचा अर्थ ऐकावा. नंतर 'तुम्हाला काय लिहावयाचे आहे?' असा प्रश्न मुलांना विचारावा. कोणी विहीर लिहील, कोणी वसतिगृहाची खोली, कोणी परिचारिकेचा गणवेश घातलेली स्वतःची आकृती. ते सारे भिंतीवर येऊ द्यावे, आणि खाली लिहिणाऱ्या मुलांची नावेही. गावातील तरुण कलावंतास मार्गदर्शक म्हणून बोलावल्यास त्याचे मानधन आधीच ठरवावे.

चौक लिहिणाऱ्या सवाशिणींची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. त्यांच्या नातवंडांच्या बाबतीत तरी ही उणीव राहू नये.