इंग्रजी शब्दांची साठवण

२०२३ च्या तलाठी भरतीत १०० प्रश्नांपैकी २५ प्रश्न इंग्रजीचे होते, म्हणजे २०० पैकी ५० गुण. त्याच वर्षीच्या वनरक्षक भरतीतही इंग्रजीला मराठीइतकेच गुण होते. आपल्या धानोऱ्याकडे घरात गोंडी, शाळेत मराठी आणि परीक्षेत इंग्रजी अशी अनेकांची स्थिती आहे. घरात इंग्रजी वाचणारे कोणी नसते. व्याकरणाचे नियम वर्गात लिहून मिळतात, शब्द मात्र ज्याचे त्यानेच जमवावे लागतात.

पुष्कळ जण शब्दकोश पहिल्या पानापासून पाठ करू लागतात. ‘अबॅन्डन’ म्हणजे सोडून देणे, आणि बहुधा तिथेच कोश सुटतो! यात आळसाचा दोष थोडा, पद्धतीचा जास्त. एबिंगहाऊस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरे स्वतः पाठ करून १८८५ साली दाखवून दिले, की पाठांतराचा मोठा भाग पहिल्याच दिवसात विसरला जातो. अर्थाचा धागा नसलेला शब्द आपल्यालाही तसाच निरर्थक असतो.

तेव्हा धागा शोधावा. ‘पोर्ट’ या लॅटिन धातूचा अर्थ वाहून नेणे. तो कळला की इम्पोर्ट, एक्स्पोर्ट, ट्रान्स्पोर्ट, पोर्टेबल आणि स्टेशनवरचा पोर्टर एकाच घरचे वाटतात. ‘स्पेक्ट’ म्हणजे पाहणे; त्यावरून इन्स्पेक्टर, स्पेक्टेटर. नॉर्मन लुईस यांचे ‘वर्ड पॉवर मेड ईझी’ हे १९४९ चे पुस्तक याच रीतीने शिकवते.

काही शब्द तर आपल्याकडूनच तिकडे गेले. ‘मॉन्गूस’ हा आपला मुंगूस, मराठीतून गेलेला. (त्याचे अनेकवचन ‘मॉन्गूसेस’, ‘गूस’चे ‘गीस’ होते म्हणून फसू नये.) जंगल, लूट, ठग हे शब्दही इथलेच. सागाचे ‘टीक’ हे नाव मल्याळममधल्या ‘तेक्कु’वरून पोर्तुगीजांमार्फत इंग्रजीत आले. रानात वाढलेल्या मुलाला इंग्रजी अगदीच परकी नाही, असे मला वाटते.

उलट, ओळखीचे शब्दच कधी दगा देतात. आपण चहाच्या टपरीलाही हॉटेल म्हणतो. इंग्रजीत हॉटेल म्हणजे मुक्कामाची जागा. ‘इकॉनॉमिक’ म्हणजे अर्थव्यवहारासंबंधी, तर ‘इकॉनॉमिकल’ म्हणजे काटकसरीचे. उच्चारावरून स्पेलिंग लिहिणेही धोक्याचे: ‘रिसीट’मध्ये न ऐकू येणारा पी आहे, ‘अकॉमोडेट’मध्ये दोन सी आणि दोन एम.

उजळणीसाठी लाइटनर या जर्मन लेखकाने १९७२ साली मांडलेली पेटीची युक्ती स्वस्त आहे. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूचे तुकडे करावेत. एका बाजूला शब्द, दुसऱ्या बाजूला अर्थ आणि स्वतःचे एक वाक्य. खोक्यात पाच कप्पे करावेत. आठवला तो शब्द पुढच्या कप्प्यात, अडला तो परत पहिल्यात. पहिला कप्पा रोज, दुसरा दोन-तीन दिवसांनी, पुढचे आणखी सावकाश पाहावेत. रोज दहाच शब्द घ्यावेत. तेंदूपत्त्याच्या हंगामात पाच घेतले तरी चालतील, पण पहिला कप्पा चुकवू नये.