वि. स. पागे : सभापतींच्या खुर्चीतला सल्लागार

कायद्याला लेखक असतो का? कवितेखाली कवीचं नाव असतं, कायद्याखाली नसतं. महाराष्ट्राच्या रोजगार हमी कायद्याबद्दल वाचताना मला हा प्रश्न पडला. ही कल्पना मुळात ज्यांची, ते विठ्ठल सखाराम पागे मुख्यमंत्री नव्हते, त्या खात्याचे मंत्रीही नव्हते. ते विधान परिषदेचे सभापती होते आणि 1960 ते 1978, म्हणजे तब्बल अठरा वर्षं, त्याच खुर्चीवर होते. यशवंतराव चव्हाणांपासून वसंतदादा पाटलांपर्यंत मुख्यमंत्री बदलत गेले, पागे मात्र तिथेच.

आता गंमत बघा. सभापती सभागृहातल्या वादात भाग घेत नाहीत. मतं समसमान पडली तरच त्यांनी मत द्यायचं. म्हणजे ज्या माणसाच्या परवानगीने सगळे बोलतात, त्याला स्वतःचं म्हणणं मांडायला सभागृहात जागाच नाही! मग उरतं काय? पत्र, भेट, मुख्यमंत्र्यांशी चार शब्द. पागे सांगली जिल्ह्यातले, स्वातंत्र्यलढ्यातून आलेले. तासगाव तालुक्यासारखा पावसाची वाट बघणारा भाग त्यांनी जवळून पाहिलेला. 1965 च्या सुमारास त्यांनी मुख्यमंत्री वसंतराव नाईकांपुढे कल्पना मांडली : गावात जो काम मागेल त्याला सरकारने काम द्यायचं. त्याच्याच जोडीला शेतजमिनीची सुधारणा, म्हणजे मजुराला मजुरी आणि गावाला पाणी-माती. पुढे तासगाव तालुक्यातल्या विसापूरला याचा प्रयोग झाला.

मला पागे इथे खरे हुशार वाटतात. नुसता सल्ला दिला असता तर तो फाईलमध्ये पडून राहिला असता. त्यांनी आधी एका गावात करून दाखवायचा रस्ता धरला. नंतर 1972 चा दुष्काळ आला, लाखो माणसं खडी फोडायला आणि माती उचलायला कामांवर आली, त्यात बायका मोठ्या संख्येने. तेव्हा सरकारकडे एक तयार कल्पना होती. नाईकांनी ती उचलली याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. ऐकणारा नसेल तर सल्लागार काय करणार?

पैशाचा प्रश्न होताच. 1975 साली व्यवसाय कर आला. शहरातल्या पगारदारांकडून तो घ्यायचा, सरकारने तेवढीच भर घालायची आणि गावातल्या कामांवर खर्च करायचा. मुंबईतल्या कारकुनाच्या पगारातून विसापूरच्या मजुराची मजुरी! 1977 मध्ये कायदा मंजूर झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला. तोवर पागे सभापतिपदावरून उतरले होते.

साहित्याची विद्यार्थिनी म्हणून मी 'हमी' या शब्दापाशी थांबते. दुष्काळी कामं आधीही निघत, पण ती सरकारची मेहेरबानी. कलेक्टरला वाटलं तर काम निघणार, नाही वाटलं तर नाही. हमी म्हटलं की मागणारा हक्काने मागतो. पंधरा दिवसांत काम मिळालं नाही तर बेकारी भत्ता द्यायचा, असं कायद्यातच आलं. (भत्ता तुटपुंजा होता आणि तो मिळवणं सोपं नव्हतं, हेही खरं.)

आमचं नंदिगड्डे जोयडा तालुक्यात. 1956 पर्यंत हा जिल्हा मुंबई राज्यात होता, मग राज्यांच्या पुनर्रचनेत म्हैसूर राज्यात गेला. त्यामुळे पाग्यांची योजना आमच्या वाट्याला आली नाही. सीमेपलीकडच्या मजुराला जो हक्क 1979 मध्ये मिळाला, तो इकडे संसदेने 2005 साली राष्ट्रीय कायदा केला तेव्हा आला, घरटी वर्षाला 100 दिवसांचा. कानडीत त्याला 'उद्योग खात्री' म्हणतात. खात्री! हा शब्द मराठीला कुठे परका आहे?

पडद्यामागच्या सल्ल्याबद्दल मला एरवी संशयच वाटतो. मुख्यमंत्र्यांच्या कानाशी मजुरासाठी बोलता येतं तसं ठेकेदारासाठीही बोलता येतं, आणि बाहेरच्यांना दोन्हीतलं काहीच ऐकू येत नाही. पाग्यांच्या बाबतीत निदान एवढं झालं की जे कानात सांगितलं ते शेवटी दोन्ही सभागृहांत उघड्यावर मांडलं गेलं आणि छापलं गेलं, म्हणून आज मी ते वाचू शकते. ज्या सल्ल्यांचा कायदा झालाच नाही ते कुठे वाचायचे?